गठ्ठ्याबाहेरचं मत

सिंगापूरच्या सरकारी फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराजवळ जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची एक छोटी खोली असते. युद्ध झालंच तर घरातल्यांनी तिथे लपायचं, अशी सोय. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक त्या शेल्टरमध्ये तांदूळ, सुटकेसेस आणि माहेरून आलेली लोणची ठेवतात. सेंगकांगच्या आमच्या घरात तिथे इथल्या मराठी मंडळाच्या लेझिमी असायच्या. पुण्याला जाऊन येणाऱ्या प्रत्येकीने बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये घालून एक-दोन आणायच्या, असं करत करत त्या जमवल्या होत्या. माझी बॅग विमानतळावरच्या मशीनमधून गेली तेव्हा साखळ्या दिसल्या, आणि तिथल्या अधिकारी बाईंसमोर मला चार हात खेळून दाखवावे लागले. त्या हसल्या आणि त्यांनी मला सोडलं.

मुलगी पहिलीत होती तेव्हा मी मंडळाचं हे लेझीम पथक सुरू केलं. आता ती विद्यापीठात आहे. इतकी वर्षं दर रविवारी सकाळी ब्लॉकखालच्या मंडपात आम्ही जमायचो. पुंगोलहून तान्ही मुलं प्रॅममध्ये घालून येणाऱ्या मुली, बँकेत काम करणाऱ्या बायका, काही शाळकरी पोरी. मी तोआ पायोहच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. आठवडाभर दुसऱ्यांचे आकडे जुळवते आणि रविवारी पावलं जुळवते. या देशात मला आपलं म्हणावं असं काही मी स्वतः उभं केलं असेल तर ते हे पथक. म्हणून पुढे जे झालं ते मला फार लागलं.

निवडणूक जाहीर झाली आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर हसरे चेहरे लटकले. त्याच आठवड्यात काकांनी मंडळाची बैठक बोलावली. काका म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. माझे सख्खे कुणी नव्हेत. बँकेतल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहणारे आणि सगळ्यांचे काका. माणूस वाईट नाही. नव्याने आलेल्या कितीतरी जणांना त्यांनी घर शोधून दिलंय, आजारपणात डबे पोचवलेत. पण त्यांना एक खोड आहे. कुणी मोठा माणूस टप्प्यात आला की त्याच्या डोक्याला फेटा बांधल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

बैठकीत काकांनी बेत सांगितला. एक उमेदवार घरोघर भेटी देत रविवारी आमच्या ब्लॉककडे येणार होते. कुठल्या पक्षाचे ते मी लिहिणार नाही. त्यांना मंडपात थांबवायचं. लेझीम, औक्षण, फेटा, शाल, श्रीफळ. मग काका दोन शब्द बोलणार, की आमच्या समाजाची सगळी मतं तुमच्या पाठीशी आहेत.

"माझंही?" मी विचारलं.

"अगं, तुझंही म्हणजे काय? आपल्या सगळ्यांचं मिळून."

"पण मी तुम्हाला कधी सांगितलं?"

कुणीतरी हसलं. काकाही हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी थट्टा करत नव्हते, माझं डोकं तापलं होतं. आमच्याकडे तालुक्याला एक तरी पुढारी असा असतो, जो गावाची गठ्ठा मतं खिशात घालून फिरतो आणि वर जाऊन सांगतो, इतकी माझ्याकडे आहेत. गठ्ठ्यातल्या माणसांना कुणी विचारत नाही. ही रीत आपण समुद्रापलीकडे ठेवून आलो असं मी समजत होते. ती तर लेझिमीसारखीच बॅगेतून आलेली होती.

आणि माझं मत मला फुकट मिळालेलं नाही. इथलं नागरिकत्व घ्यायचं तर भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. तो दिला त्या दिवशी मी घरी आले, वरणभाताचा कुकर लावला आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या आवाजात रडून घेतलं. नवऱ्याने त्याचा पासपोर्ट ठेवला, तो इथे पीआर, म्हणजे मत नसलेला कायमचा रहिवासी म्हणून राहतो. घरात एकाने तरी तिकडचं असावं असं त्याला वाटतं, आणि मला त्यात चूक दिसत नाही. मी मात्र ठरवून दिला. ज्या गावात राहायचं, तिथल्या कारभारात आपलं बोट हवं, एवढंच माझं म्हणणं होतं. ते बोट काकांनी धरून कुठेतरी टेकवावं म्हणून मी पासपोर्ट दिला नव्हता.

हे सगळं त्या बैठकीत बोलायला जमलं नाही. मी कायद्याचं बोलले. इथे जो नागरिक नाही त्याला निवडणुकीच्या प्रचारात कसलाही भाग घेता येत नाही. शाळेतल्या मुलांनाही नाही. आमच्या पथकातल्या निम्म्या बायका नोकरीच्या पासवर, काही पीआर, आणि पुढच्या रांगेत तर शाळकरी पोरी. काका खरंच गोंधळले. म्हणाले, प्रचार कोण करतंय, आपण फक्त स्वागत करतोय. दारी आलेल्या माणसाला आपण कुंकू लावतो, हातावर काहीतरी ठेवतो, यात निवडणूक कुठे आली? आणि सांगते, बैठकीतल्या सगळ्यांना ते पटलं. सगळी शिकलेली माणसं. कंपन्यांचे नियम तोंडपाठ असणारी. पण सत्कार हा आपल्याला पाणी विचारण्याइतका साधा वाटतो. त्यात कुणाची बाजू घेतली जाते हे आपल्या लक्षातच येत नाही.

मी म्हणाले, मी येणार नाही. कुणीतरी चहाचं काढलं.

घरी आल्यावर नवऱ्याशी वाजलं. मंडळात फेटे बांधण्याचं काम त्याचं. दहा वार कापड आणि समोर डोकं मिळालं की त्याचे हात आपोआप चालतात. तो म्हणाला, तुला प्रत्येक ठिकाणी भांडण उकरून काढायलाच हवं का? काका काय वाईट चिंततात? इथे आपण चार लोक, मिळूनमिसळून राहावं.

"मिळून राहायला माझी ना नाही," मी म्हटलं. "मिळून मत द्यायला आहे. आणि तू तर पीआर आहेस. तू त्या माणसाला फेटा बांधलास आणि त्याचा फोटो कुणी काढला, तर उत्तर कोण देणार? काका?"

"फेटा बांधणं हा गुन्हा कसा होईल?"

"बांधून बघ."

त्यावर तो बराच वेळ पेपर वाचत बसला. पान उलटल्याचं मी काही पाहिलं नाही. मुलगी तिच्या खोलीतून इथल्या इंग्रजीत ओरडली, "आई, बाबा, बोथ ऑफ यू चिल ला." तिचं हे पहिलंच मतदान होतं. ती कुणाकडे झुकतेय याचा आम्हाला पत्ता नव्हता आणि काकांनी तिलाही गठ्ठ्यात धरलं होतं.

शनिवारी काका लेझिमी न्यायला आले. एकटेच आले. मी पाणी दिलं, ते घोटभर प्यायले. लेझिमी माझ्या एकटीच्या नव्हत्या, सगळ्यांनी मिळून आणलेल्या होत्या. त्या अडवायचा मला हक्क नव्हता, आणि अडवल्या असत्या तर मीही काकांसारखंच केलं असतं. मी शेल्टरचं दार उघडलं, कापडी पिशव्या बाहेर काढल्या. दहीहंडीच्या वेळी एका लेझिमीचा दांडा तडकला होता, तो मी दोऱ्याने करकचून बांधलेला होता. तेवढी वेगळी ठेवा, मुलींच्या हाताला लागेल, असं मी सांगितलं. 

काका म्हणाले, "तू येच. तुझ्याशिवाय ताल कोण धरणार? तुझं मत तुझ्यापाशी ठेव, कोण बघतंय. फक्त उभी राहा."

"काका, लेझिमी न्या. मला नेऊ नका. आणि तिथे बोलाल तेव्हा सगळ्यांची मतं म्हणू नका. एक कमी आहे म्हणा."

"असं कुणी बोलतं का?"

"मग बोलूच नका."

ते पिशव्या उचलून निघून गेले. लिफ्टपर्यंत साखळ्यांचा आवाज येत होता.

रविवारी सकाळी मी मुद्दाम पुरणाचा घाट घातला, हात गुंतलेले राहावेत म्हणून. नवऱ्याचा खांदा आदल्या दिवसापासूनच दुखायला लागला होता. आयत्या वेळी कसा काय तो दुखला, हे मी विचारलं नाही. तो सोफ्यावर बाम लावून बसला होता. मुलगी बघायला खाली गेली होती. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताल वर आला.

पहिला हात, दुसरा हात, बसून तिसरा. एकही चुकत नव्हती. मी खाली नव्हते, तरी माझ्या पायांना त्यांचं सगळं ठाऊक होतं. मला रडू आलं, आणि अभिमानही वाटला. माझ्याशिवायही त्या तालात होत्या, हे मला हवं होतं की नको होतं ते आजही सांगता येणार नाही. पुरण खाली लागायला लागलं.

आणि ताल मध्येच थांबला. चौथा हात सुरू झाला आणि थांबला. नंतर काहीच ऐकू आलं नाही. मी गॅस बंद करून खिडकीशी गेले. वरून नुसतं मंडपाचं छप्पर दिसत होतं.

मुलीने वर येऊन सांगितलं ते असं. उमेदवाराबरोबर पुढे एक कार्यकर्ती होती, चिनी, साधारण माझ्या वयाची. तिने लेझीम घेतलेल्या शाळकरी पोरी पाहिल्या आणि ती धावतच पुढे आली. सगळे नागरिक आहेत का, मुलं शाळेतली आहेत का, असं तिने विचारलं. मग हात जोडून म्हणाली, "सॉरी अंकल, कॅनॉट. रिअली कॅनॉट." उमेदवार लांबच थांबले, सगळ्यांना हात हलवून लिफ्टकडे गेले. काकांनी आणलेला फेटा तयार, टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा होता. तो त्यांच्याच हातात राहिला. शाल पिशवीतून निघालीच नाही. औक्षणाचं ताट धरलेल्या बाईंना निरांजन विझवावं की नको ते कळेना. मुलीला हे सांगताना आधी हसू येत होतं, मग तिचं हसू गेलं. म्हणाली, आई, ते एकटेच फेटा धरून उभे होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर सुरू झालं. आधी कुणी लिहिलं, आपल्यातल्याच कुणीतरी आधी कळवलं असणार. मग कुणी लिहिलं, ज्यांना यायचं नव्हतं त्यांनी निदान घाण करायला नको होती. नाव कुणी लिहिलं नाही. आपल्यात नाव न घेता बोलायची कला फार. मी कुणालाही काहीही कळवलं नव्हतं. त्या कार्यकर्तीला डोळे होते, तिने पाहिलं, एवढंच. नवरा म्हणाला, दोन ओळी लिही, खुलासा कर, विषय संपेल. मी म्हटलं, नाही लिहिणार. जे मला इतकी वर्षं ओळखतात, त्यांना मी चोरून चुगली करणारी वाटते की तोंडावर सांगणारी, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. खुलासा द्यायला मी काही चोरी केली नव्हती.

पुढच्या सरावाचा निरोप मला आला नाही. पथक दुसऱ्या बाईंकडे दिल्याचं ग्रुपवर कळलं. त्या बाईंना लेझीम मीच शिकवली होती.

मग मी काय केलं? सभांना गेले. माझे वडील सांगलीकडच्या एका लहान गावात पोस्टात होते. सरकारी नोकर, त्यामुळे प्रचार त्यांना बंद. पण गावात ज्या पक्षाची सभा असेल तिला ते जायचे, मला बरोबर न्यायचे. मैदानाच्या कडेला लिंबाखाली उभं राहून भुईमुगाच्या शेंगा खात दोन-दोन तास ऐकायचे. "ऐकावे जनाचे, करावे मनाचे," असं म्हणायचे आणि टरफलं खिशात ठेवायचे, खाली टाकायचे नाहीत. मत कुणाला दिलं हे आईने विचारलं तर म्हणायचे, "पोटात आहे." आईने शेवटपर्यंत विचारलं आणि त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते गेले तेव्हा ते सगळं पोटात घेऊनच गेले.

मुलीला घेऊन मी एका पक्षाच्या सभेला गेले आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. पाऊस पडून गेलेल्या मैदानात चपला चिखलात रुतत होत्या. भाषणं चार भाषांत. इंग्रजी कळायची, तमिळचा नुसता सूर कळायचा, बाकी शेजारच्या मलाय आजी कोपराने ढोसून सांगायच्या. घरांच्या किमती, म्हाताऱ्यांचे दवाखाने, नोकऱ्या. मध्येच एक वक्ता बाहेरून येणाऱ्या लोकांवर घसरला आणि आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवू लागले.  मुलीने माझा हात धरला. मी हलले नाही. हेही ऐकायलाच आले होते. वक्त्याला मी बाहेरची वाटत असेन, पण मैदानातली माझी जागा तेवढीच माझी होती जेवढी त्या टाळ्या वाजवणाऱ्याची. आजींनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या पिशवीतली उकडलेली शेंग पुढे केली.

त्या सभेत मी कुणाला तरी दिसले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कळलं, मी म्हणे त्या पक्षाची. त्या सभेच्या आदल्या दिवशी दुसऱ्या पक्षाच्या मैदानात मला कुणी पाहिलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी सुट्टी असते. आमचं केंद्र जवळच्या शाळेत होतं. मुलगी सकाळीच एकटी जाऊन आली होती. माझ्याबरोबर यायचं नाही असं तिने आधीच सांगितलं होतं. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, जीभ चावून धरली. मी रांगेत उभी होते. पुढे-मागे मंडळातलेही दोघं-तिघं होते, त्यांना फोनमध्ये अचानक खूप काम निघालं. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग होती, छोटी आणि सावलीतली. काका तिथे न जाता उन्हात माझ्या मागे येऊन उभे राहिले.

 मग अगदी हळू म्हणाले, "त्या कागदावर नंबर छापलेला असतो, बघितलायस?"

मी मागे वळून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, आणि कपाळावर घाम. उन्हाचा नव्हता तो.

"असतो. खोट्या मतपत्रिका कुणी घुसवू नयेत म्हणून."

"पण त्यावरून कळतं ना त्यांना. कुणी कुणाला दिलं ते." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मला दर वेळी आत गेलं की हात कापतो. मुलगा इथे नोकरीला आहे, नातू शाळेत आहे. म्हणून मी म्हणतो, आपण आधीच मोठ्याने सांगून टाकावं, तुमच्या बरोबर आहोत. म्हणजे कुणाला शंका नको."

इतकी वर्षं मी त्यांना मिरवायची हौस आहे असं समजत होते. शाल, श्रीफळ, फेटा, गठ्ठा, या सगळ्याच्या तळाशी हे होतं. मला कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला. त्यांच्या भीतीपायी त्यांनी आम्हा सगळ्यांना पुढे उभं केलं होतं.

"काका, नाही कळत," मी म्हटलं. "ते कागद सील होतात आणि नंतर जाळतात. आत तुम्ही एकटे असता. तिथे मी नाही, मुलगा नाही, मंडळ नाही. भीती वाटत असली तर वाटू दे. पण ती तुमची तुम्ही वाहा, आमच्या मतांवर ठेवू नका."

 रांग सरकली. आत मला कागद मिळाला. आमच्याकडे पूर्वी शिक्का मारायचा म्हणत, तसा इथेही आता शिक्काच असतो, फुलीचा. मी मारला, घडी घातली, पेटीत टाकला. हात कापला नाही. छाती मात्र धडधडत होती, आणि ते मला आवडलं. माझ्यामागून काका गेले. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ते बराच वेळ उभे होते, मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच जास्त.

पुढच्या शनिवारी बेल वाजली. दारात काका, दोन्ही हातांत लेझिमीच्या पिशव्या. समोरच्या ब्लॉकमधून एकट्याने ओढत आणल्या होत्या, धाप लागली होती. मी बाहेरचं लोखंडी फाटक उघडलं. त्यांनी चपला काढल्या, पिशव्या स्वतः शेल्टरमध्ये नेऊन ठेवल्या. तडकलेली लेझीम त्यांनी वर वेगळी ठेवली होती.

"उद्या तू घे सराव," ते म्हणाले. "मी सगळ्यांना सांगितलंय. कळवलं वगैरे ते... तू नव्हतंस केलं."

"हे तुम्हाला आधी कळायला हवं होतं."

"हो."

मी त्यातून त्यांना सोडवलं नाही. चहा केला, ते प्यायले. निघताना फाटकाशी थांबले, लिफ्टकडे एक नजर टाकली आणि माझ्याकडे वाकून लहान मुलासारखे कुजबुजले, "एक सांगू? या वेळी मी..."

"नको, काका," मी म्हटलं आणि फाटक लावून घेतलं. "पोटात ठेवा."